सहा जण आणि दोन जहाजं

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या बाई ६२ वर्षांच्या आहेत. यजमान ६८ वर्षांचे. गुडघ्याच्या त्रासामुळे काठी घेऊन चालतात. मुलगा, सून आणि ७ व १३ वर्षांची दोन नातवंडं धरून सहा जणांनी शाळेच्या सुट्टीत सात रात्रींच्या क्रूझला जायचं ठरवलं आहे. मुलाने नुकतंच पाण्यात उतरलेलं एक प्रचंड जहाज पसंत केलं आहे. ते तीन बंदरं घेतं, उरलेले दिवस समुद्रातच असतं. यजमानांना त्याच किनाऱ्याने जाणारं, पंचवीस वर्षं जुनं लहान जहाज हवं आहे. ते सहा बंदरं घेतं. दोघंही "तू म्हणशील तसं" म्हणतात आणि मनासारखं झालं नाही की दोघंही गप्प होतात. बाई लिहितात : "नवं जहाज म्हणजे जास्त सुरक्षित, हे खरं ना? लहान जहाज फार हलतं असंही ऐकलंय. आयुष्यात एकदाच जाणार, तर मोठ्यावरच जावं का? मला स्वतःला पहाटे डेकवर एकटीने चालायला मिळालं तरी पुरे."

ताई,

तुमच्या पत्रात मुलाचं म्हणणं पानभर आहे, यजमानांचं पानभर आहे आणि तुमचं स्वतःचं एकच वाक्य आहे, तेही शेवटी. त्या वाक्याकडे मी येणारच आहे. पण आधी सुरक्षिततेचं बोलू, कारण ती धास्ती मनात असेपर्यंत बाकीची तुलना नीट होत नाही.

नवं म्हणजे सुरक्षित, या समजुतीत थोडं तथ्य आहे. १ जुलै २०१० नंतर बांधायला घेतलेल्या मोठ्या प्रवासी जहाजांना एक जादा नियम लागू आहे. आग लागली किंवा एखाद्या भागात पाणी शिरलं, तरी ठरावीक मर्यादेपर्यंतच्या नुकसानीनंतर जहाजाला स्वतःच्या ताकदीवर बंदर गाठता आलं पाहिजे, आणि तोवर प्रवाशांना सुरक्षित जागा, पाणी, उजेड, स्वच्छतागृहं मिळाली पाहिजेत. पंचवीस वर्षं जुन्या जहाजाची बांधणी या नियमाखाली झालेली नसते. हा फरक खरा आहे आणि मी तो कमी लेखणार नाही.

पण त्यापुढे जाऊन "जुनं म्हणजे धोक्याचं" म्हणायला आधार नाही. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या प्रत्येक प्रवासी जहाजाचं सुरक्षा प्रमाणपत्र जास्तीत जास्त बारा महिन्यांचं असतं. दरवर्षी तपासणी होते तेव्हाच ते पुन्हा मिळतं. पाच वर्षांत किमान दोनदा जहाज ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी काढून टाकलेल्या गोदीत, घेऊन पाण्याखालचा तळही तपासावा लागतो. ऑक्टोबर २०१० पासून जुन्या जहाजांच्या बांधणीतलं ज्वलनशील साहित्य काढणं सक्तीचं झालं, आणि ज्यांना तो बदल परवडण्यासारखा नव्हता अशी कितीतरी जुनी जहाजं तेव्हा भंगारात गेली. तुमच्या यजमानांनी पसंत केलेलं जहाज त्या जुन्या जहाजांच्या नंतरच्या पिढीतलं आहे.

शिवाय अपघात जहाजाचं वय बघून येत नाहीत. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळलेलं कोस्टा कॉन्कॉर्डिया २००६ सालचं होतं. जेमतेम सहा वर्षांचं ते जहाज किनाऱ्याच्या नको इतकं जवळ नेलं गेलं आणि ३२ माणसं गेली. २०१९ च्या मार्चमध्ये नॉर्वेच्या किनाऱ्यावर वादळात इंजिनं बंद पडलेलं वायकिंग स्काय तर २०१७ सालचं होतं. इंजिनांतल्या वंगणतेलाची पातळी कमी होती, त्यात समुद्र खवळलेला, आणि चारशेहून जास्त प्रवाशांना हेलिकॉप्टरने उचलून न्यावं लागलं. दोन्ही वेळा जहाज नवं होतं. चूक ते चालवण्यात आणि सांभाळण्यात होती.

म्हणून "किती साली बांधलं?" यापेक्षा "शेवटचं ड्राय डॉकला कधी गेलं आणि तिथे काय काय बदललं?" हे विचारा. नुसते गालिचे आणि पडदे बदलले की नळ, वातानुकूलन, यंत्रांचं कामही झालं, हे त्या उत्तरातून कळतं. जहाज अमेरिकेच्या बंदरांना लागत असेल, तर तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याचे स्वच्छता तपासणीचे गुणही सर्वांना पाहायला मिळतात. शंभरपैकी ८५ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे नापास. जुनी जहाजं यात उत्तम गुण मिळवतात आणि नवी कधीकधी घसरतात. आणि कुठलंही जहाज घ्या, निघण्यापूर्वीची आपत्कालीन सरावाची सूचना सहाही जणांनी मनापासून ऐका. आपल्या जमण्याच्या जागेपर्यंत एकदा पायी जाऊन या, यजमानांना घेऊन. जिना किती पायऱ्यांचा आहे ते तेव्हा कळेल, आणि आणीबाणीत लिफ्ट वापरता येत नाही हेही लक्षात राहील.

आता हलण्याचं. लहान जहाज जास्त हलतं हे खरंच आहे. लांबलचक जहाज एका वेळी बऱ्याच लाटांवर पसरलेलं असतं, लहान जहाज लाटेबरोबर चढतं-उतरतं. दोन्ही प्रकारच्या जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्थिरक असतात. डाव्या-उजव्या अंगाला होणारं डोलणं ते बरंच आवरतात, पण पुढचं टोक वर-खाली होतं त्यावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. तरी किनाऱ्याकिनाऱ्याने, बेटांच्या आडोशाने, शांत हंगामात जाणाऱ्या जहाजावर हा फरक तुम्हाला वाटतो तेवढा जाणवत नाही. उघडा महासागर ओलांडायचा असता तर मी वेगळं बोलले असते.

ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी जहाजाच्या आकाराइतकंच महत्त्व केबिनच्या जागेला आहे. खालच्या मजल्यावरची, लांबीच्या मधोमध असलेली केबिन सगळ्यात स्थिर. प्रचंड जहाजावर हौसेने सर्वांत वरची, पुढच्या टोकाची बाल्कनी घेतली, तर लहान जहाजाच्या मधल्या केबिनपेक्षा तिथे जास्त हेलकावे बसू शकतात. यजमानांची नेहमीची औषधं असतील, तर बोट लागण्यावरची गोळी आधी डॉक्टरांना विचारूनच घ्या. त्यातल्या काहींनी गुंगी येते, आणि काठीवर चालणाऱ्या माणसाचा तोल ही जपायची गोष्ट आहे. मोठ्या जहाजाचीही एक अडचण सांगून ठेवते. त्याची उंच भिंत वारा धरते. जोराचा वारा असला की कप्तान धक्क्याला लावायचं टाळतो आणि ते बंदर रद्द होतं. तीनच बंदरं असलेल्या प्रवासात एक गेलं, तर फार काही उरत नाही.

गर्दीच्या बाबतीत मात्र मला तुम्हाला एक हिशेब दाखवायचा आहे, कारण इथे सगळेच अंदाजाने बोलतात. जहाजाच्या माहितीत ग्रॉस टनेज नावाचा आकडा असतो. तो वजनाचा नसतो, जहाजाच्या आत एकूण किती जागा आहे ते सांगतो. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागलं की माणशी किती जागा येते ते कळतं. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेलं आयकॉन ऑफ द सीज घ्या : लांबी सुमारे ३६५ मीटर, टनेज सुमारे २ लाख ४८ हजार, प्रत्येक केबिनमध्ये दोघं धरले तर प्रवासी ५,६१०. भागाकार ४४ येतो. आता १९९८ ते २००१ या काळात फ्रान्समध्ये बांधलेली, एकसारखी आठ लहान जहाजं घ्या. ती आजही फिरताहेत. लांबी १८१ मीटर, टनेज सुमारे ३० हजार, मूळ आराखड्यात प्रवासी ६८४. भागाकार पुन्हा ४४!

म्हणजे माणशी जागा जवळजवळ सारखीच. पण इथे एक मेख आहे. हा हिशेब केबिनमागे दोघांचा झाला. शाळेच्या सुट्टीत कुटुंबं येतात, तिसरा-चौथा पलंग उघडतो, आणि त्याच आयकॉनवर जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी मावतात. मग भागाकार ३३ च्या खाली येतो. तुम्ही नेमक्या सुट्टीतच निघणार आहात. लहान जुन्या जहाजांवर तिसरे-चौथे पलंग मुळातच थोडे असतात, त्यामुळे ती सुट्टीत इतकी फुगत नाहीत. तुमच्या दोन जहाजांचे आकडे काढा आणि हा भागाकार दोन्ही तऱ्हेने करून बघा. मुलाशी बोलायलाही तो बरा. कागदावरच्या आकड्यावर कुणी रुसत नाही.

आता यजमानांचा गुडघा. तुमच्या पत्रात तो ओझरता आलाय, पण माझ्या मते निम्मा निर्णय तिथेच आहे. ३६५ मीटर लांबीच्या जहाजावर एका टोकाची केबिन आणि दुसऱ्या टोकाचं भोजनगृह, अशी गाठ पडली, तर एका जेवणासाठी जाऊन-येऊन अर्धा-पाऊण किलोमीटर चाल होते. दिवसातून तीनदा. नाट्यगृहातला कार्यक्रम सुटला की लिफ्टपाशी जी गर्दी होते तीत काठी घेऊन उभं राहणं वेगळंच. लहान जहाजावर ही चाल निम्म्यावर येते.

पण जुन्या जहाजांवर न्हाणीघराच्या दाराशी बहुतेकदा उंचवटा असतो, कधी घोट्याच्याही वर येणारा. रात्री झोपेत उठल्यावर, जहाज डोलत असताना, दुखऱ्या गुडघ्याने तो ओलांडायचा. नव्या जहाजांवर सपाट उंबऱ्याच्या, रुंद दारांच्या, भिंतीला आधाराच्या दांड्या असलेल्या केबिन जास्त संख्येने असतात. लहान जहाजावर अशा मोजक्याच असतात आणि लवकर जातात.

आणि ती सहा बंदरं! यजमानांना ज्यांचं वेड आहे, त्यातल्या किती ठिकाणी जहाज धक्क्याला लागणार आणि किती ठिकाणी बाहेर नांगर टाकणार, हे विचारलंत का? नांगर टाकला की जहाजाच्या पोटातल्या दारातून छोट्या बोटीत उतरून किनारा गाठावा लागतो. तिला टेंडर म्हणतात. खलाशी दोन्ही दंड धरतात, पण मधली फट लाटेबरोबर वर-खाली होत असते आणि नेमक्या क्षणी पाऊल टाकावं लागतं. समुद्र जरा उठलेला असला, तर ज्यांना चालायला त्रास होतो त्यांना बोटीत घ्यायला खलाशी नकारही देऊ शकतात. सहापैकी चार बंदरं अशी असतील, तर यजमान ती जहाजाच्या कठड्यावरून बघतील. सहाही ठिकाणी धक्का असेल, तर प्रश्नच मिटला. लहान जहाजाचा खरा फायदा इथेच आहे : जिथे मोठ्याला बाहेर नांगर टाकावा लागतो, तिथे लहान बरेचदा थेट गावाजवळच्या धक्क्याला लागतं.

लहान जहाज कुठे कुठे शिरतं याचं यजमानांना कौतुक आहे ते रास्तच आहे. ग्रीसमधला कोरिंथचा कालवा जेमतेम २४ मीटर रुंद. १९९३ साली बांधलेलं, साडेबावीस मीटर रुंदीचं ब्रेमार २०१९ मध्ये त्यातून पार गेलं. दोन्ही बाजूंचे कातळ हाताला लागतील इतके जवळ होते. प्रचंड जहाजाला हे जन्मात जमणार नाही. पण लहान म्हटलेलं जहाज सगळीकडे जातं असंही नाही. ऑगस्ट २०२१ पासून व्हेनिसमधल्या ज्युडेक्का कालव्यात २५ हजार टनेजहून मोठ्या किंवा १८० मीटरहून लांब जहाजांना मज्जाव आहे. मी वर सांगितलेली १८१ मीटरची जहाजंसुद्धा त्यात अडकली. तेव्हा बंदराचं नाव वाचून भुलू नका. जहाज नक्की कुठे उभं राहणार, तिथून गाव किती लांब, आणि किती तास थांबणार, हे तिन्ही बघा. सकाळी आठला लागून दुपारी दोनला सुटणारी सहा बंदरं म्हणजे यजमानांची नुसती धावपळ होईल.

मुलांचं काय? तुमच्या मुलाचं म्हणणं मला पटतं. तेरा वर्षांच्या मुलाला आजी-आजोबांच्या वयाच्या माणसांत आठवडा काढायला लावणं सोपं नाही. मोठ्या जहाजावर त्या वयाची शेकडो मुलं असतात, पाण्याच्या घसरगुंड्या असतात, आणि दोन दिवसांत त्याची टोळी जमते. तीनच बंदरं असलेल्या प्रवासात जहाज हेच गाव, म्हणून तिथे या सगळ्याची गरजही असते. लहान जहाजावर मुलांची खोली असली, तरी ती सांभाळणारी माणसं बरेचदा फक्त सुट्टीच्या फेऱ्यांपुरतीच येतात. तुमच्या तारखेला ती असणार का आणि त्या वयाची किती मुलं नोंदली आहेत, हे विचारायला लावा. उत्तर "पाच-सहा" असं आलं, तर सात वर्षांच्या नातवाचं भागेल, तेरा वर्षांच्याचं नाही.

पण समुद्रावर घालवायचे दिवस मोजा. रोज सकाळी नवं गाव असेल, तर मुलं दिवसभर किनाऱ्यावर असतात आणि संध्याकाळी दमून परततात. घसरगुंडी नसल्याचं दुःख तेव्हा होत नाही. समुद्रावरचे दिवस जितके जास्त, तितकं मोठं जहाज बरं. बंदरं जितकी जास्त, तितकं लहान. इतर वाचकांनी बाकी काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, आपापल्या वेळापत्रकात हे दोन आकडे मोजावेत.

तुम्ही लिहिता, "एकदाच जाणार, मग मोठ्यावरच जावं का?" एकदाच जायचं असेल, तर सगळ्यात मोठं घ्यावं हे कुठून आलं? मला उलट वाटतं. एकदाच जायचं असेल, तर आपल्याला जे आवडतं त्याच्या जवळ जाणारं घ्यावं. आणि एकदाच का, हाही प्रश्न आहेच. सहा जणांची सात रात्रींची एक सहल मोठ्या जहाजावर, आणि पुढच्या वर्षी शाळा सुरू असताना, तुम्ही दोघांनीच तीन-चार रात्रींची लहान जहाजावरची फेरी, हा मार्ग घरात कुणी काढलेला दिसत नाही. दोन मनांचा एकाच आठवड्यात निकाल लावायचा, म्हणून तुमची ओढाताण चालली आहे.

शिवाय एका जहाजावर गेलं म्हणजे सहाही जणांनी सकाळपासून रात्रीपर्यंत एकत्र राहायचं, असं मनात धरू नका. रात्रीचं जेवण एकत्र, बाकी दिवस ज्याचा त्याचा, हे निघण्याआधीच बोलून घ्या. मुलगा-सुनेलाही त्याने हायसं वाटेल.

आता तुमचं वाक्य. पहाटे डेकवर एकटीने चालायचं. ही मागणी लहान नाही, आणि ती तपासता येते. दोन्ही जहाजांचे मजल्यांचे नकाशे मागवा आणि लाइफबोटी टांगलेल्या असतात त्या मजल्यावर जहाजाला पूर्ण वळसा घालणारी मोकळी वाट आहे का, ते बोट फिरवून बघा. १९९० च्या दशकातल्या बऱ्याच जहाजांवर अशी सलग फेरी असायची : एका बाजूने निघायचं, पुढच्या टोकाला वारा तोंडावर घ्यायचा, दुसऱ्या बाजूने परत यायचं. अनेक नव्या जहाजांवर ती तुटलेली असते. मधे उपाहारगृहांची टेबलं येतात किंवा वाट मधेच संपून दार लागतं, आणि धावायची पट्टी वर पोहण्याच्या तलावाभोवती असते. नकाशा बघितल्याशिवाय मात्र कुठल्याच जहाजाबद्दल हे गृहीत धरू नका. आणि घरी सगळ्यांसमोर हे मोठ्याने सांगा : "मला ही वाट हवी आहे." तुम्ही बाप-लेकांच्या वादातल्या पंच नाही आहात. सहा प्रवाशांपैकी एक आहात, आणि पंच झालात की प्रवासी म्हणून तुमचं मत कुणी विचारतच नाही.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं? सहापैकी किमान चार बंदरांत धक्का, तुमच्या तारखेला मुलांचा कार्यक्रम सुरू, आणि यजमानांसाठी सपाट उंबऱ्याची केबिन, या तिन्ही गोष्टी मिळत असतील, तर मी लहान जहाज घेतलं असतं. तुमचं आणि यजमानांचं मन तिकडे आहे, आणि रोज नवं गाव मिळणार असेल तर नातवंडांचंही रमेल. तिन्हीतली एक जरी मिळत नसेल, तर सुट्टीत सहा जणांनी मोठ्या जहाजावर जावं आणि लहान जहाज तुम्हा दोघांसाठी राखून ठेवावं. या दोहोंमधलाही एक मार्ग आहे : दहा-पंधरा वर्षांचं, दोन हजारांच्या आसपास प्रवासी घेणारं मधल्या आकाराचं जहाज. जाहिरातींत ती फारशी दिसत नाहीत, पण त्यांच्यावर मुलांची सोयही असते आणि चालही आवाक्यात राहते. एजंटला स्पष्ट विचारलंत तर तो दाखवेल.

कुठलंही घ्या, केबिनचा नंबर स्वतः निवडा. "जी मिळेल ती" हा स्वस्त प्रकार या वेळी नको. लिफ्टपासून चार-पाच दारांवरची घ्या, अगदी समोरची नको, तिथे रात्री उशिरापर्यंत बोलणं ऐकू येतं. वरच्या मजल्यावर तलाव किंवा बुफे असेल तर ती सोडा. पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज थेट डोक्यावर येतो. खाली नाट्यगृह असेल तरी सोडा. अगदी पुढच्या, खालच्या केबिनमध्ये जहाज धक्क्याला लावताना आडवे पंखे घरघरतात आणि नांगराची साखळी खडखडते. अगदी मागच्या, खालच्या केबिनमध्ये, विशेषतः जुन्या जहाजांवर, इंजिनाची थरथर पलंगाला जाणवते. यजमानांच्या काठीची नोंद बुकिंग करतानाच करायला सांगा, म्हणजे चढताना लांब रांगेत उभं राहावं लागणार नाही आणि टेंडरच्या बंदरांत कुणीतरी आधीच मदतीला असेल. विमा काढताना गुडघ्याचं आणि चालू औषधांचं काहीही लपवू नका. आणि मुलाला हे काम द्या : दोन्ही जहाजांचं वेळापत्रक, मजल्यांचे नकाशे आणि टेंडरच्या बंदरांची यादी रविवारपर्यंत छापून आणायची, आजोबांसाठी मोठ्या अक्षरांत.